बासुंदीच्या धड्यातली चूक

आचारी संघाचे अध्यक्ष नरहरअण्णा कवठेकर यांनी ऑनलाइन शिकवणीचे सत्तेचाळीस धडे काढले आणि तीनशे बारा सभासदांपैकी एकानेही एकही धडा पाहिला नाही.

धडे तसे मन लावून केलेले होते. एकटी बासुंदीच चार तासांची होती, कारण दूध आटायला तेवढा वेळ लागतो आणि तेवढा वेळ अण्णा घरी कढईशेजारी बसून राहिले होते आणि त्यांची बायको मोबाइल धरून उभी होती.

"आठ दिवसांत सगळे शिकले पाहिजेत," अण्णांनी बजावलं. "नाहीतर सगळ्यांचं सभासदत्व रद्द आणि ऑफिसला कुलूप. मी पुन्हा सांगणार नाही, बक्षीस लावणार नाही, धड्यातला एक शब्दही कापणार नाही."

ऑफिसात चहा करणारी सगुणा ते ऐकत होती. कुलूप लागलं तर तिचीही नोकरी जाणार होती.

"मी बघू का, अण्णासाहेब?"

"तू? बघ बाई."

तिने संघाच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, "अण्णासाहेबांच्या बासुंदीत एक चूक आहे म्हणतात. मला काही ती सापडत नाही. जाणकारांनी पाहावं."

पहिल्याच दिवशी दोनशे जणांनी चार तासांची बासुंदी पाहिली. एक म्हणाला, वेलची लवकर पडली. दुसरा म्हणाला, वेलचीचं राहू दे, आच बघ. तिसऱ्याने आपली कढई चढवून, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून सगळ्यांना करूनच दाखवलं. चौथ्या दिवशी एका वेळी सत्त्याऐंशी घरांत दूध आटत होतं आणि सत्त्याऐंशी आचारी मोबाइलवरून एकमेकांच्या कढईत डोकावून भांडत होते. डेअरीतलं दूध संपलं. वाद मिटेना म्हणून पुरावे शोधायला तीनशे बाराही जणांनी बाकीचे सेहेचाळीस धडेही पाहिले.

आठव्या दिवशी अण्णा तणतणत आले.

"माझ्या धड्यात चूक?"

"एकशे चौदा निघाल्या, अण्णासाहेब. त्यातल्या नव्वद त्यांनीच एकमेकांना समजावून खोडून काढल्या."

"मी शिकायला बोलावलं तेव्हा एक जण फिरकला नाही!"

"आचारी शिकायला कशाला येईल? दुसऱ्याच्या पदार्थाला नावं ठेवायला मात्र तो स्वतःची कढई घेऊन येतो."

अण्णा खुर्चीत बसले. मग त्यांना आठवलं.

"पण तू लिहिलंस तेव्हा तर कोणी धडा पाहिलाच नव्हता. मग चूक आहे असं म्हणत कोण होतं?"

सगुणाने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"वहिनीसाहेब."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि असे हसत सुटले की अर्धा चहा बशीत सांडला. त्याच दिवशी त्यांनी सगुणाला संघाच्या शिक्षण विभागाची प्रमुख नेमलं आणि बासुंदीचा नवा धडा शिकवायला वहिनीसाहेबांना बोलावणं धाडलं.