काठावरचे मणी

"त्यालाच का, सर?"

वृंदानं विचारलं खरं, पण आवाज भांडणाचाच निघाला. आणि का निघू नये? वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी, पोतनीस सरांच्या अभ्यासाच्या खोलीत, समुद्रातले जीव निरखत ती अकरा वर्षं खपली होती. अकरा वर्षं म्हणजे काही थट्टा नव्हे. आणि सरांनी चाळीस वर्षांच्या काचपट्ट्या, टिपणवह्या, अख्खी खोली दिली कुणाला, तर परवा आलेल्या रोहिदासला!

रोहिदास बाहेर शीळ घालत पिंपात खारं पाणी भरत होता, तर ती शीळही तिला सोसवेना.

सरांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांची रीतच तशी. विचारणाऱ्याला आधी सूक्ष्मदर्शकापुढे बसवायचं.

तिनं डोळा लावला. तारामाशाचं टपोरं अंडं, काठाला चिकटलेले दोन बारीक मणी. रागाच्या भरात तिला ती घाण वाटली, तिनं काच पुसली. मणी तिथंच.

"बहिणी आहेत त्या," सर म्हणाले. "अंड्याच्या."

वृंदाचे कान तापले. हे तर तिनंच कितीजणांना शिकवलं होतं. एकच जननपेशी वाटली जाते. गुणसूत्रं सगळ्यांना सारखी, अन्नाचा साठा मात्र एकटीला. बाकीच्या काठाशी सुकून जातात.

"म्हणजे मी तो मणी. सरळ सांगा ना."

सरांनी पट्टी बदलली. आता नराची. इथं एका पेशीच्या चार झालेल्या, चौघी अगदी सारख्या. वृंदाला जरा बरं वाटलं. असं हवं, ती म्हणाली, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

"पुढं सरकव."

तिनं पट्टी सरकवली. पुढं त्याच चौघी अंगातलं होतं नव्हतं ते टाकून देत होत्या. शेवटी उरलं एवढंसं डोकं आणि दूर पोहत जायला लांब शेपूट.

"यांना काय मिळालं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही."

मग मात्र तिला रडू आवरेना. एक काचपट्टीसुद्धा माझ्या नावाची नाही का, असं ती कसंबसं म्हणाली.

सर उठले. त्यांनी दार सताड उघडलं.

"त्याला इथं बसायचंय, त्याला सगळं लागतं. तुला मी काही दिलं नाही, वृंदा… मग तू अजून निघाली कशी नाहीस?"