बयजानं कानात सांगितलेलं नाव

कृपागीर महाराज जांभूळओढ्याला आले ते चैत्र संपता संपता. ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत त्यांनी झोळी टेकवली आणि गावाने किती आग्रह केला तरी कुणाच्या घरात पाऊल ठेवलं नाही. कुणी भाकरी आणली तर खायची, नाही तर ओढ्याचं पाणी प्यायचं. बोलणंही बेताचं, आणि त्या बोलण्याची एक रीत होती. बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी महाराज थांबत, डोळे मिटत, ओठ किंचित हलत आणि मग तो शब्द सावकाश बाहेर येई. तेवढा वेळ सारी धर्मशाळा हात जोडून बसायची.

या थांबण्याचा अर्थ गावाला समजावून सांगत रंगोजीबुवा. ते रोज संध्याकाळी महाराजांपुढे पोथी वाचत. त्यांची वाणी अशी की अध्याय संपला तरी कुठे श्वास घेतला ते कळू नये, आणि त्या वाणीचा बुवांना अभिमानही तेवढाच. ते सांगत, "त्या क्षणी महाराज इथे नसतात. शब्द आणायला ते ब्रह्मांडी जातात." आपण भाविक माणसं, लगेच माना डोलावल्या! दोघाचौघांनी तर घरी मीठ मागतानाही डोळे मिटून थांबायला सुरुवात केली आणि बायकोची बोलणी खाल्ली.

त्याच वैशाखात बुवांची लेक चंद्रा माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. पण मूल रडलं नाही. सुईणीने तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तेव्हा कुठे मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज निघाला, तेवढाच. बारा दिवसांत त्याने कधी गळा काढला नाही. नातू मुका निघतो की काय या धास्तीने बुवांना अन्न गोड लागेना, पण हे त्यांनी घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

बारशाला जावई धोंडीराम आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बहीण बयजा. बाळाची एकुलती एक आत्या. बयजा लहानपणापासून तोतरी. सासरच्यांनी तिला दोन वर्षांत माघारी धाडली होती. हिनं हाक मारेपर्यंत गुरं दुसऱ्याच्या रानात जातात, म्हणे! तेव्हापासून ती मान हलवून, हातवारे करूनच दिवस काढी. पण बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तिने महिनाभर बसून कुंची शिवली होती, आणि भावाच्या मागून चालताना वाटभर पदराआड 'भैरू' हे नाव घोकत आली होती.

बुवांनी तिला पाळण्याजवळ जाऊ दिलं नाही.

"जावईबापू, नाव आमची पुतणी सांगेल," ते म्हणाले.

"मामा, आत्या हीच एक हाय," धोंडीराम म्हणाला. "मान तिचा."

"मान कबूल. पण अडखळती जीभ कानाला लागली तर तीच पोराच्या तोंडात उतरायची. आणि भ… भ… भ करत हिच्या तोंडून नाव निघेपर्यंत घुगऱ्या आंबून जातील!"

तिची हुबेहूब नक्कल ऐकून जमलेल्या बायका खुदकन हसल्या. बयजाने कुंची उंबऱ्यावर ठेवली आणि ती ओढ्याच्या वाटेने निघून गेली.

धर्मशाळेत महाराज फडकं वाळत घालत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं, बाय?"

"त्यां… त्यां… त्यांनी…"

एरवी माणसं तिचं वाक्य पुरं करून टाकत, किंवा 'राहू दे, राहू दे' म्हणत. महाराज खाली बसले आणि वाट पाहत राहिले. बयजा रडली, थांबली, पुन्हा बोलू लागली. दारातलं ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिचं सांगून झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला सांगितली होती.

मग महाराज म्हणाले, "मी… मी… मीबी तुझ्यासारकाच."

या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते.

महाराज सांगू लागले, "पोरपणी भिक्षा मागाय जायचो, तर दारात शब्दच फुटायचा न्हाई. लोकं दार लावून घ्यायची. लई उपास घडलं. एकदा एका म्हाताऱ्या मेंढक्याच्या वाड्यावर गेलो. त्यो म्हनला, बस, मला भाकर नको मागू, माजी गोष्ट आईक. त्योबी असाच हुता. लग्नात सोताचं नाव सांगाय आलं न्हाई म्हनून पळाला हुता. मग मेंढरांशी बोलाय लागला, अडकंल तसं. मग पोरांशी, मग मान्सांशी. मला म्हनला, पैलं भ्या गेलं, जीभ मागनं सुटली, अजूनबी अडकती, अडकू दे. त्यानं मला अंगारा दिला न्हाई, मंतर दिला न्हाई. नुसती गोष्ट दिली. त्या दिवशी मला कळलं का… का… का मी एकला न्हाई."

"म… म्हाराज, म… माजं ज… जाईल का भ्या?"

"चल," महाराज उठले. "बघू."

ज्यांनी कुणाच्या घरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, ते महाराज रंगोजीबुवांच्या अंगणात शिरले! एकच धांदल उडाली. कुणी घोंगडी अंथरली, कुणी पाय धुवायला पाणी आणलं. मुहूर्ताची वेळ होऊन पुतणी नुकतीच पाळण्यावर वाकली होती, ती तशीच मागे सरली. बुवा धावत आले, "धन्य झालो, महाराज!"

महाराज बसले नाहीत. म्हणाले, "बुवा, तुमी सांगता मी ब्रह्मांडी जातो. न्हाई जात. मी अ… अ… अडकतो."

मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या बयजाकडे बोट केलं.

"माज्यात आलं का तुमी पाया पडता. हिच्यात आलं का हसता. चीज तर एकच हाय."

बुवांचा चेहरा उतरला. "महाराज, आम्हाला कधी बोलला नाहीत…"

"कुनी इचारलं?"

मग त्या वाणीच्या धन्याला बोलता येईना. ते पाळण्याची दोरी धरून उभे राहिले आणि सगळ्या गावादेखत त्यांचे डोळे वाहू लागले. "महाराज, माझा नातू रडत नाही. त्याला आवाजच नाही. म्हणून भ्यालो मी."

"मग तर त्येची आत्याच पायजे," महाराज हळुवारपणे म्हणाले.

चंद्राने स्वतः नणंदेचा हात धरून तिला पुढे आणलं. बयजा वाकली. "कुर्र…" म्हणाली. आत्याच्या पाठीत बुक्के मारायची रीत, पण बायका ती विसरून गेल्या होत्या. बयजाचे ओठ मिटले आणि मिटूनच राहिले. गळ्याची शीर ताठली. महाराज शेजारी उभे होते. तिने पदर तोंडाला लावला नाही, मान फिरवली नाही. शब्द अडकला तसा अडकू दिला.

"भ… भ… भ… भैरू."

बाळाने डोळे उघडले. तोंड लालबुंद झालं, मुठी वळल्या, आणि जय गुरुदेवा, काय तो टाहो! ओढ्यापलीकडच्या गुराख्यांनी तो ऐकला म्हणतात. चंद्रा पाळण्यावर डोकं टेकून रडू लागली. सुईण म्हणाली, पोराच्या छातीतला कफ सुटला. सुटला असेल. पण बारा दिवस न सुटलेला कफ त्याच नावावर कसा सुटला, ते तिलाही सांगता आलं नाही. आम्ही तिथे हात जोडतो.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पोथी उघडायची वेळ झाली. बुवांनी तिला नमस्कार केला, पण उघडली नाही. ते आसनावरून उठून भावाशेजारी बसलेल्या बयजापाशी गेले.

"बाई, आज तुम्ही सांगा. तुमचं स्वतःचं. कितीही वेळ लागू दे."

बयजाने महाराजांकडे पाहिलं. महाराज गालात हसले. बुवांनी तिला आपल्या आसनावर बसवलं आणि स्वतः सर्वांच्या मागे जाऊन बसले. ती सांगू लागली, सासरचं, पदराआडचं, दुपारचं. जीभ अडत होती. तिची गाठ पुढे सुटली ती असं सांगता सांगताच, बऱ्याच वर्षांनी, आणि तीही पुरती नाही. पण त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही की तिचं वाक्य पुरं केलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून सुभाना गुरव उठला. गावाच्या लेखी हा जन्माचा मुका. बुवा वर्षानुवर्षं त्याच्या हातून देवाची फुलं घेत आले होते आणि खुणेनेच त्याच्याशी बोलत होते. तो माणसं ओलांडत पुढे आला आणि बयजासमोर बसला.

"ब… ब… बाई," सुभाना म्हणाला, "म… मला प… पुन्ना सांगा. प… पैल्यापास्नं."

सगळी धर्मशाळा थरारली. मागून रंगोजीबुवा वाट काढत आले. पोरीच्या वयाच्या त्या बाईपुढे त्यांनी लोटांगण घातलं आणि बयजाची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली, तरी ते डोकं वर उचलेनात.