हैबती कुंभाराचा आवा

धोंडगीर महाराज त्या साली आडगव्हाणात मुक्कामाला होते. ब्याऐंशी उंबऱ्यांचं गाव, खाली नदीचं वळण, वर खडकाळ माळ. गावाने महाराजांना देवळाची ओसरी झाडून-सारवून देऊ केली होती. ती सोडून महाराज कुंभारवाड्याच्या टोकाला, छप्पर उडालेल्या धर्मशाळेत जाऊन राहिले. का म्हणून कोणी विचारलं, तर म्हणत, "इथं ऊब असते." मडकी भाजायचा हैबती कुंभाराचा आवा तिथून दहा पावलांवर होता.

हैबती हा महाराजांचा भक्त. पण त्याची भक्ती कशी, ते सांगायला हवं, कारण टाळ वाजवताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. त्याला वेड होतं ते हाताच्या कामाचं. स्वतःच्या तर होतंच, पण दुसऱ्याच्या जास्त. कोणाच्याही हातचं चांगलं काम दिसलं की हा माणूस वाटेत थांबलाच. बाजाराला मडकी घेऊन जायचा आणि ती उन्हात सोडून सारजा बुरडिणीपाशी उकिडवा बसायचा. सुपाची कड तिने कशी वळवली, ते उलटंसुलटं करून बघायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. सारजाचं सूप खपायचं, याची मडकी तशीच राहायची. वर एक सूप घेऊन घरी. त्याची बायको ठकूबाई म्हणायची, घरात चार सुपं झाली, पाखडायला दाणा तेवढा आणायचा राहिला.

संध्याकाळी हैबती, सारजा आणि लिंबा साळी असे तिघे महाराजांपुढे बसत. लिंबाने काठाला नवी वेल काढली असेल तर तो धोतराखालून लपवून आणलेला तुकडा पुढे करी. मग तिघांचं चाले. सूत कुठलं, कांब कधी तोडली, माती किती दिवस मुरवली. महाराज ऐकत राहत. कीर्तनापेक्षा त्यांना हे आवडतं असं दिसे, आणि कीर्तनकारांना ते दिसल्यावाचून राहत नसे.

हैबतीची एक खोड होती. चाकावरून उतरलेल्या प्रत्येक मडक्याच्या गळ्याशी तो अंगठ्याच्या नखाने कडुलिंबाच्या पानांची एक ओळ काढी. लहान मडकं असो, मोठं असो. पान चुकलं तर बोटाने पुसून पुन्हा काढी.

त्या वैशाखात गावात पटकी शिरली.

नदीत डबकी उरली होती, गाव तेच पाणी पीत होतं. सकाळी पोटात कळ आलेला माणूस दिवेलागणीला उचलावा लागे. आधी परीटआळीतली दोन घरं गेली. मग मरी घरोघर फिरू लागली. रडण्याचे आवाज पहिले आठ दिवस ऐकू आले. नंतर तेही थांबले, कारण रडायला अंगात पाणी लागतं.

आता या तिघांना एकच काम उरलं. सारजाच्या बांबूची तिरडी, लिंबाच्या मागावरचं कोरं कापड, हैबतीचं मडकं. सारजा तिरडीच्या गाठी अशा मारी की वाटेत एकही सुटत नसे. लिंबा कापडाची कड दुमडून देई. आणि हैबती पानांची ओळ काढी. नवव्या दिवशी त्याची स्वतःची गोदी गेली, दहा वर्षांची. तिच्यापुढे धरायचं मडकं त्याने दारातल्या उतरंडीतून काढलं आणि हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. ठकूबाईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, तेव्हा तिरडी उठली.

दुसऱ्या दिवशी तो चाकावर बसला होता. रायाजी पाटील घोड्यावरून तिथून चालले होते. बरोबर दोन माणसं होती. पाटलांचा वाडा उंचावर, घरात सगळी पितळेची भांडी, अजून तिथे काही झालं नव्हतं. हैबतीला ओल्या मडक्यावर नख चालवताना बघून त्यांनी घोडा थांबवला.

"काय रं हैबत्या, घटकाभरात फुटायचं मडकं ते. मढं उठून नक्षी बघणार हाय व्हय?"

बरोबरची माणसं हसली. पाटलांनी त्या तिघांना नावच ठेवलं होतं, मसणातले मानकरी. हैबतीने मान वर केली नाही. महाराज धर्मशाळेच्या दारात बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

त्याच दिवशी महाराजांनी गावाला निरोप धाडला. नदीचं पाणी तोंडाला लावायचं नाही. घरातली जुनी मडकी फोडून टाकायची. माळावर खडकात झरा आहे, पाणी तिथलं. आणि हैबतीला म्हणाले, "प्रत्येक उंबऱ्याला एक नवी घागर. ब्याऐंशी. तेवढी घडव."

नवी घागर आल्यावाचून लोक जुनी फोडणार नव्हते, नदी सोडणार नव्हते. गावाचा जीव त्या आव्यात होता म्हणा ना! पाटलांनी निरोप ऐकून सांगितलं, आमच्याकडे पितळ आहे, रोज चिंचेने घासतात, मातीची गरज ज्यांना आहे त्यांना द्या.

हैबतीने नऊ दिवस पाठ टेकली नाही. सारजा माती वाहत होती, लिंबा तुडवत होता. घरात पोर गेलेला माणूस ब्याऐंशी घागरी घडवतो, हे कसं होतं ते मला सांगता येणार नाही. पण न घडवता तो काय करणार होता, तेही सांगता येत नाही.

दहाव्या दिवशी पहाटे आवा पेटला. खाली लाकूड आणि गोवऱ्या, त्यांवर रचलेल्या घागरी, वर गवत, खापऱ्या आणि ओल्या मातीचा जाड लेप. तो दिवस आणि ती रात्र आत वारा जाता कामा नये. गेला, तर तापलेलं मडकं तडकतं. उद्या दिवस उगवल्यावर उघडायचा, असं हैबतीने सगळ्यांना बजावलं.

त्याच सकाळी पाटलांच्या आईला, बयाबाईंना, पटकी लागली. दुपारपर्यंत त्यांचे डोळे खोल गेले, ओठ काळे पडले. पितळेच्या वाटीतलं पाणी पोटात ठरेना.

रायाजी पाटलांनी आयुष्यात कधी कशाची वाट पाहिली नव्हती. आता त्यांना एकच घोर लागला. गावातली कोरी मडकी संपली होती. आदल्या दिवशी दोन मढी मडक्यावाचून गेली, पुढे घरातला तांब्या धरून. पाटलांची आई तशी जायची? त्यांनी गडी पाठवला, आव्यातलं एक मडकं काढून आत्ताच बाजूला ठेव म्हणून.

हैबतीने विचारलं, "आईसाब हायत ना अजून?"

गडी म्हणाला, हायत.

"मंग न्हाई," हैबती म्हणाला.

कुंभाराच्या घरचा हा नेम आहे. धुगधुगी असलेल्या माणसाच्या नावाने मडकं द्यायचं नाही. दिलं की त्याच्या श्वासाची दोरी आपण आपल्या हाताने कापली. गरीब असो, राजा असो, मडकं मागायला माणूस रडून झाल्यावर येतो.

गडी परत गेला आणि पाटील स्वतः आले.

"पाटलाच्या आईला मडकं न्हाई म्हणतोस?"

"मालक, शास हाय तवर देत न्हाई. बाप देत नव्हता, आजा देत नव्हता."

"गावच्या मढ्यांना नक्षीची देत सुटलास, आन माझ्या दाराला नेम सांगतोस?"

हैबती हळू बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मालक, मरणाचं मडकं म्या घडवीतच न्हाई. समदी पान्याचीच घडवतो. कुठलं कुणाच्या दारी जाईल, कशापायी जाईल, ते चाकावर मला कळत न्हाई. म्हणून समद्यांना पानं काढतो."

पाटलांनी आपल्या माणसांना आवा फोडायला सांगितलं. माणसं जागची हलली नाहीत. त्यांच्याही घरांच्या घागरी आत होत्या. मग पाटलांनी पडलेली पहार उचलली आणि आव्याच्या कुशीत स्वतः घातली.

माती ढासळली. उन्हाचा वारा आत घुसला, आणि आतून आवाज येऊ लागले. टण्. मग थोडं थांबून टण्, टण्. प्रत्येक आवाजाला हैबतीचं अंग हलत होतं. तो खाली बसला. आत नुसता लाल जाळ दिसत होता. पाटील पहार हातात धरून उभे. त्यातलं मडकं काढायचं कसं, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

तेव्हा महाराज आले. ते चालत आले, घाईने नाही. त्यांनी भगदाडातून खांद्यापर्यंत हात घातला आणि एक घागर बाहेर काढली. निखाऱ्यासारखी लाल. ती त्यांनी पोर घ्यावं तशी छातीशी धरली. सारजा पुढे सांगायची, त्यांच्या छातीवरचा केससुद्धा करपला नाही.

महाराज म्हणाले, "आता झाका."

सारजाने हैबतीला हाताला धरून उठवलं. "ऊठ दादा, रडाय उद्या बसू." विकायला ठेवलेली सगळी सुपं तिने आणली, गाऱ्यात बुडवली आणि भगदाडाला एकावर एक लावली. तरी वरून फट राहिली. लिंबा घरी गेला आणि मागावरून उतरवलेलं लुगडं घेऊन आला. चार महिन्यांचं काम होतं, दुहेरी वेलीच्या काठाचं. त्याने ते एकदा उलगडून हैबतीला दाखवलं. हैबतीने तशा वेळीसुद्धा काठावरून बोट फिरवलं. मग लिंबाने ते चिखलात भिजवून आगीवर पसरलं. तिघे त्याच्या कडा दाबून बसले. आवाज थांबले.

इकडे महाराज पाटलांना एवढंच म्हणाले, "चल." लाल घागर घेऊन ते माळ चढले, मागे पाटील. झऱ्यापाशी महाराजांनी ती तशीच पाण्यात बुडवली. कुंभाराच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल, असं केल्यावर मडक्याचं काय होतं. वाफ उठली, खडक दिसेनासे झाले, आणि वाफ विरली तेव्हा घागर काठोकाठ भरलेली होती, अख्खी.

"घे डोक्यावर," महाराज म्हणाले.

ज्याने घरात कधी तांब्या उचलून ठेवला नाही, तो माणूस पागोट्यावर घागर घेऊन भर उन्हात गावातून चालत गेला. दारं किलकिली झाली. हसायला कोणाला त्राण नव्हतं.

महाराजांनी बयाबाईंच्या तोंडात ओंजळीने पाणी घातलं. पहिली ओंजळ उलटून पडली. दुसरीही पडली. तिसरी ठरली. दिवस कलताना त्यांनी डोळे उघडले आणि उशाशी ठेवलेल्या घागरीकडे बघत राहिल्या.

"कुणाच्या हातची रं ही?" त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "पानं किती निगुतीनं काढल्यात."

रायाजी पाटील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सकाळी आवा उघडला. आगीवर रात्रभर पसरलेलं लुगडं काळं झालं होतं, पण जळलं नव्हतं. ओलं होतं म्हणून जळलं नाही, असं म्हणणारे आहेत. म्हणोत. घागरी मोजल्या. पाटलांकडची एक धरून त्रेसष्ट धड, एकोणीस फुटलेल्या. हैबती त्या खापऱ्यांकडे बघत राहिला. कोणाच्या दारी आता काय द्यायचं? तेव्हा लिंबाने बोटं मोजायला सुरुवात केली. परीटआळीतली दोन, वेशीजवळची पाच, असं करत तो एकोणिसावर थांबला. गावात कड्या लागलेली, आत माणूस न उरलेली घरं तेवढीच होती. ठकूबाईने पदर तोंडात धरला. त्यांच्या स्वतःच्या घराला घागर होती. प्यायला एक माणूस कमी होता.

पाटील अनवाणी आले. पागोटं काखेत होतं. महाराजांपुढे उभे राहून त्यांनी सांगितलं की एकोणीस आपण फोडल्या.

महाराज म्हणाले, "ती घरं तू नाही बंद केलीस, रायाजी. उरलेली त्रेसष्ट मात्र तुझ्या हाताने बंद होणार होती. या तिघांनी आपलं काम आगीत घातलं म्हणून राहिली. एवढं विसरू नकोस."

पाटील पायांवर पडायला वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पायांना काही झालेलं नाही. हैबतीचे बघ. टाचा फुटून रक्त येतंय. खालच्या कवठ्याहून माणूस आलाय, तिथं मरी काल शिरली. चाळीस उंबरे आहेत. आजच माती तुडवायला हवी."

आव्याशेजारच्या आळ्यात, उथळ खड्ड्यात, माती भिजवून ठेवली होती. पाटलांनी धोतर खोचलं आणि पाय उचलला.

"मालक, तसं न्हाई," हैबती घाईने म्हणाला. मग थोडा संकोचला, कारण पाटलांना शिकवायची त्याला सवय नव्हती. "पाय द्यायच्या आदी तिच्या पाया पडत्यात. आपुन तिला तुडवनार, म्हणून."

रायाजी पाटलांनी पाय मागे घेतला. सगळा गाव बघत होता. ते आळ्याच्या काठावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी ओल्या मातीवर कपाळ ठेवलं. बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा कपाळाला चिखल होता. तो त्यांनी पुसला नाही. मग ते आत उतरले, आणि हैबती काठावर बसून त्यांना हळूहळू सांगू लागला, टाचेनं न्हाई मालक, चवड्यानं, कडंकडंनं आत या.