पुढे बसलेला ड्रमर

"मग माझा हात चुकला कसा, मास्तर?"

दस्तगीर मास्तर उंबऱ्यावर बसून ढोलाच्या वादीला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अभिनंदन चौगुले पुण्याहून मिरजेला आला होता तो एवढं विचारायला. याच मास्तरांनी त्याच्या हातात पहिल्यांदा ढोलाचं टिपरू दिलं होतं. मास्तरांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात मोठा ढोल वाजवला, तोही बाकी सगळ्या वाजवणाऱ्यांच्या मागे चालून. अभिनंदनने मात्र नाव काढलं ते 'कातळ' या हार्ड रॉक बँडात. सोळा वर्षं तो तिथे ड्रम वाजवत होता.

नाव काढलं म्हणजे काय, तर सगळ्यांच्या मागे बसून घाम गाळला. मनगटं सुजायची याची आणि फोटो छापून यायचा गायकाचा. त्यात याचं फार तर कोपर दिसायचं. शेवटी त्याने हटूनच सांगितलं, यापुढे मी पुढे बसणार, नाहीतर चाललो. बाकीच्यांनी वाद घातला नाही. ड्रम पुढे आले, गायक मागे गेला.

आणि पहिल्याच कार्यक्रमात, शेकडो वेळा वाजवलेल्या गाण्यात, भर मैदानात ठेका सुटला.

येत्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम होता. कुठे बसणार ते आज संध्याकाळपर्यंत कळव, असा गायकाचा निरोप होता. पुढे बसून पुन्हा चुकलं तर सोळा वर्षांचं नाव मातीत जाणार. आपण होऊन मागे जावं तर नाक कापलं जाणार. बिचाऱ्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

"गायकाने ओळ लांबवली, मास्तर. मी बरोबरच होतो."

"आधी कधी लांबवायचा न्हाई व्हय?"

"लांबवायचा की. त्याची लहर."

"मग तवा कसा न्हाई चुकलास?"

हा प्रश्न अभिनंदनला सुचलाच नव्हता.

मास्तर उठले. त्यांनी ढोल उचलून त्याच्या गळ्यात अडकवला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं.

"तिथवर वाजवत जा. तू पुढं हो. मी झांज घेऊन मागनं येतो."

अभिनंदनला आधी लाजल्यासारखं झालं. मैदानं गाजवलेला माणूस, आणि भरदुपारी गल्लीत ढोल वाजवायचा? पण पहिली थाप पडली आणि हाताला जुनी गंमत आठवली. पापड वाळत घालणाऱ्या दोन बायका थांबून बघू लागल्या. सायकलवाला उतरून बाजूला झाला. कुणीतरी खिडकीतून मान डोलावली. मग काय, गडी खुलला. लय वाढवली, मध्येच मोडली, पुन्हा जुळवली. हात कुठेही अडखळला नाही. टाकीपाशी येऊन त्याने शेवटची थाप दिली आणि हसत मागे वळला.

मागे कुणीच नव्हतं.

मास्तर आपल्या उंबऱ्यावर बसले होते. झांज मांडीवर पडली होती.

तो तरातरा परत आला. त्याला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं होतं.

"तुम्ही आलाच नाहीत."

"चार पावलं आलो. मग गुडघा धरला, बसलो."

"हाक तरी मारायची."

"मारली की. दोनदा."

अभिनंदनने गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मास्तरांनी तांब्या पुढे केला. तो पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं.

"वाजवणं कसं झालं?" मास्तरांनी विचारलं.

"चांगलं झालं."

"कुणासंगं?"