हैबती दाजी आणि पडद्यातला माणूस

पंचगंगेच्या काठच्या एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो नंतर झाला. भोळा आधीपासून होता. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून माणसं दचकायची आणि माणूस बघून हसायची.

हैबतीचा एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो ऐकायचा. अगदी तंतोतंत ऐकायचा. नवं नवं लग्न झालेलं असताना जत्रेत बायको सुगंधा म्हणाली, "हितंच थांबा, बांगड्या भरून आलेच." वाटेत तिला मावशी भेटली. मावशीनं घरी नेलं, जेवायला घातलं, वर झोपही काढायला लावली. ऊन उतरल्यावर सुगंधा घाबरून पळत आली, तर हैबती तिथंच उभा. आजूबाजूची दुकानं उठून गेली होती. ज्या पाळण्याच्या सावलीत तो उभा होता तो पाळणासुद्धा गाडीत चढला होता. हैबती तेवढा उरला होता.

"हललो न्हाई बघ," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सुगंधाला कुणी "तुझा नवरा भोळा हाय" म्हटलं की ती फणकाऱ्यानं सांगायची, "भोळे न्हाईत. साधे हाईत."

पहिली दिवाळी आली. दिवाळसणाला सासुरवाडीचं बोलावणं आलं. सासुरवाडी इचलकरंजीत. निघताना आईनं हैबतीला उंबऱ्यात धरलं.

"तिथं आपली अक्कल चालवायची न्हाई. ती मंडळी सांगतील तसंच करायचं."

"आन् काय सांगितलंच न्हाई तर?"

"तर गप बसायचं."

सासरे दत्तोबा यंत्रमागावर कामाला होते. घर म्हणजे चाळीत वरच्या मजल्यावरची एक खोली. त्या खोलीतच ओटा, ओट्यापुढं पडदा, पडद्याच्या अलीकडं कॉट, कॉटला चिकटून कपाट, आणि कपाटासमोर टेबलावर नवाकोरा टीव्ही. उरलेल्या जागेत माणसांनी राहायचं. एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला उठून बसावं लागायचं.

शेजारच्या गोदाकाकू जावई बघायला आधीच येऊन बसल्या होत्या. लग्नात त्यांनीच कुजबुज केली होती, की दत्तोबानं पोरगी येड्याला दिली. त्यामुळं दत्तोबा जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "या जावईबापू, या! घरच्यासारखं राहायचं बरं का!"

हैबतीनं खोलीभर नजर फिरवली. मग वाकून कॉटखाली बघितलं.

"काय बघताय?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हस कुठं बांधलीया? घरी मी या वक्ताला धार काढतो."

गोदाकाकूंनी पदर तोंडाला लावला. सुगंधा म्हणाली, "ते चेष्टा करत्यात," आणि नवऱ्याचा हात धरून त्याला कॉटवर बसवलं.

सुगंधाचा भाऊ प्रफुल्ल. त्यानं एक खेळाचं यंत्र आणलं होतं. टीव्हीला जोडायचं, हातात एक रिमोट धरायचा, आणि आपण हात हलवला की पडद्यातला माणूस हात हलवतो. दाजींवर छाप पाडायची म्हणून प्रफुल्लनं लगेच टेनिस लावलं.

"दाजी, ही तुमची बॅट."

हैबतीनं रिमोट उलटसुलट करून बघितला. "ही तर साबणाच्या वडीएवढी हाय."

"बॅट समजायचं. तिकडनं चेंडू येईल. आला की हाणायचा. सगळा जोर लावून."

चेंडू आला. हैबतीनं सगळा जोर लावला. रिमोट हातातून सुटला, पंख्याला चाटून, ओट्यापुढच्या पडद्यावरून पलीकडं गेला आणि सासूबाई परातीत चिवडा कालवत होत्या त्या चिवड्यात शिरला. अर्धा चिवडा भिंतीवर गेला.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "वरनं काय पडलं?"

"बॅट," हैबती म्हणाला.

प्रफुल्लनं चिवड्यातून रिमोट उपसला, शेंगदाणे झटकले, त्याची दोरी हैबतीच्या मनगटात अडकवली आणि बजावलं, "दाजी, हातात घेतलेलं सोडायचं न्हाई. काय बी होऊ द्या, सोडायचं न्हाई!"

हैबतीनं मान हलवली. मनातल्या मनात घोकलं. हातात घेतलेलं सोडायचं नाही.

एवढ्यात सासूबाईंनी फराळाचं ताट भरलं. लाडू, करंज्या, शंकरपाळी, आणि वाचलेला चिवडा. "पावणं, एवढं ताट गोदाकाकूंना द्या."

गोदाकाकू तोवर दारात उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ताट धरलं. हैबतीनं सोडलं नाही.

"द्या की," काकू म्हणाल्या.

"घ्या की," हैबती म्हणाला.

काकूंनी ओढलं. हैबतीनं आणखी घट्ट धरलं. बैलाचं दावं धरलेला हात तो. काकूही काही कमी नव्हत्या. नळावर भांडून भांडून त्यांचे दंड भरले होते. ताट एकदा खोलीत आलं, एकदा गॅलरीत गेलं. परत खोलीत आलं. शेवटी काकूंनी उंबऱ्याला पाय लावून हिसका दिला. ताट हैबतीकडंच राहिलं. लाडू मात्र सगळे काकूंबरोबर गेले. काकू गॅलरीत बसल्या आणि लाडू जिन्यावरून टणाटणा उतरत खालच्या मजल्यावर गेले. एक करंजी काकूंच्या अंबाड्यात अडकली.

"माझं नाव घ्याल तर बघा!" म्हणत काकू करंजीसकट निघून गेल्या.

सुगंधा रडवेली झाली. "अहो, असं काय केलंत? समोरच्यानं हात पुढं केला की आपण सोडून द्यायचं. लगेच."

हैबतीनं बायकोच्या चेहऱ्याकडं बघितलं. आपण सांगितलेलंच केलं, तरी ही रडती का, हे त्याला कळेना. पण त्यानं नवा धडा पक्का केला. समोरच्यानं हात पुढं केला की सोडायचं. लगेच.

विषय बदलावा म्हणून सासऱ्यांनी आकाशकंदील काढला. दाराबाहेर वर एक खिळा होता. एक डगमगतं स्टूल होतं. सासरे स्टुलावर चढले. "जावईबापू, स्टूल धरा. दुसऱ्या हातात कंदील घ्या."

हैबतीनं एका हातानं स्टूल गच्च आवळलं. असं आवळलं की स्टूल जमिनीत रोवल्यागत झालं. सासरे खूश झाले. वरून म्हणाले, "शाब्बास! धरावं तर असं!" आणि कंदिलासाठी त्यांनी हात पुढं केला.

हैबतीनं सोडलं. लगेच. स्टूलही आणि कंदीलही.

सासरे दारातून आत आले ते थेट कॉटवर. स्टूल अंगावर आणि कंदील डोक्यात. कंदिलाच्या झिरमिळ्या नाकापुढं हलत होत्या. त्या झिरमिळ्यांतून ते कण्हत म्हणाले, "अहो, माणूस वर गेला की त्याला धरायचं असतंय! दोन्ही हातांनी! कवळा घालून धरायचं!"

"मगाशीच सांगायचं की मामा," हैबती म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यानं सासऱ्यांच्या कमरेला तेल चोळून दिलं आणि चोळता चोळता घोकलं. माणूस वर गेला की कवळा घालायचा.

संध्याकाळी प्रफुल्लनं दुसरा खेळ लावला. पडद्यातला माणूस पळत होता आणि मध्ये मध्ये खड्डे येत होते. खड्डा आला की इथं खोलीत उडी मारायची, मग तिथं तो उडी मारणार. प्रफुल्लनं कॉट आणि कपाटाच्या मधल्या फरशीवर जागा धरली.

"दाजी, नुसतं बघा हां."

पहिला खड्डा आला. प्रफुल्ल वर गेला.

हैबती कॉटवरून झेपावला आणि त्यानं हवेतल्या हवेत मेहुण्याला कवळा घातला. "धरला! मामा, धरला!" दोघं मिळून कपाटावर आदळले. कपाटाचं दार उघडलं आणि सासूबाईंच्या ठेवणीतल्या साड्या दोघांवर कोसळल्या. पडद्यातला माणूस खड्ड्यात पडला.

प्रफुल्ल साडीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. तो तरी किती सोसणार? "दाजी! मला कशाला धरताय? मला काय होतंय? मी न्हाई खेळत, तो खेळतोय! तिकडं त्याच्याकडं ध्यान द्या!"

"तो कोण?"

प्रफुल्लनं मोठा श्वास घेतला. पडद्यावर त्यानं एक नवा माणूस बनवला. गोल तोंड, जाड भुवया, झुपकेदार मिशा, निळा सदरा. खाली नाव घातलं, हैबती.

"हा बघा. हा म्हणजे तुम्ही. आलं ध्यानात? तुम्ही आन् तो येगळे न्हाई. तुम्ही कराल ते त्याचं झालं पाहिजे."

हैबती बघतच राहिला. आयुष्यात कुणी त्याचा फोटोसुद्धा धड काढला नव्हता. त्यानं हात वर केला. पडद्यातल्या हैबतीनंही केला.

"राम राम," हैबती हळूच म्हणाला.

प्रफुल्लनं बाटल्या पाडायचा खेळ लावला. हात मागं न्यायचा, चेंडू सोडायचा, समोरच्या बाटल्या पाडायच्या. आता काय मोडतंय म्हणून घरच्यांनी डोळे मिटून घेतले. पण या वेळी हैबतीनं जोर लावला नाही. आपल्या जिवाला एवढ्या जोरात हिसका कोण देईल? धारेला बसल्यावर मनगट जेवढं हलतं तेवढंच त्यानं हलवलं. पडद्यातल्या हैबतीनं चेंडू सोडला. सगळ्या बाटल्या आडव्या.

परत सोडला. परत सगळ्या आडव्या.

गॅलरीत माणसं जमली. गोदाकाकूसुद्धा खिडकीतून डोकावल्या. प्रफुल्ल टेंगूळ विसरून नाचायला लागला. सासरे कंबर धरून उठले आणि माणसांना सांगू लागले, "आमचं जावई! काय समजला? आमचं जावई!" सुगंधानं कुणाचं लक्ष नाही असं बघून नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. हैबतीचं मन भरून आलं. त्यानं पडद्यातल्या हैबतीकडं बघितलं. तोही छाती फुगवून उभा होता.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या पहिली अंघोळ. सगळ्यांनी उजाडायच्या आत उठायचं. सूर्य उगवला तरी जो बिनअंघोळीचा राहतो तो नरकात जातो."

"सगळ्यांनी?" हैबतीनं विचारलं.

"घरात जेवढी माणसं हाईत तेवढ्या सगळ्यांनी. पावण्यांनी तर आधी."

पहाटे फटाके वाजायला लागले. सासूबाईंनी बंब पेटवला. सुगंधानं नवऱ्याला तेल लावलं, उटणं लावलं, ओवाळलं. हैबतीनं कढत पाण्यानं अंघोळ केली आणि नवा सदरा घातला. मग सासूबाई आणि सुगंधा गॅलरीत रांगोळी काढायला गेल्या. सासरे देवळात गेले. प्रफुल्ल खाली फटाके उडवायला गेला. हैबती एकटाच खोलीत बसला. अंग हलकं झालं होतं, उटण्याचा वास दरवळत होता. त्याला फार बरं वाटत होतं.

आणि मग तो ताडकन उठला.

त्यानं टीव्हीचं बटण दाबलं. पडद्यातला हैबती तसाच उभा होता. कालचाच निळा सदरा. तेल नाही, उटणं नाही. थंडीत जरा डुलत होता. खिडकीबाहेर आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं.

हैबतीनं वेळ घालवला नाही. त्यानं पाट मांडला. टेबलावरून टीव्ही उचलून, वायरींना जपून, पाटावर बसवला. वाटीत उरलेलं तेल घेतलं आणि आधी डोक्याला लावलं, मग कानामागं, मग पाठीवर. पाठीला बारीक बारीक भोकं होती. त्या भोकांत तेल छान मुरलं. मग उटणं चोळलं. निरांजन घेऊन ओवाळलं. मग बंबातून बादली भरली. पाणी फार कढत नाही ना, हे कोपरानं बघितलं. कारण भाजलं तर आपल्यालाच भाजणार.

पहिला तांब्या त्यानं डोक्यावरून ओतला.

"फाट्ट!"

निळा जाळ निघाला, धूर निघाला आणि सगळ्या चाळीचे दिवे गेले. गॅलरीतले कंदील विझले. माणसं ओरडत, ठेचकाळत, हातात पणत्या घेऊन दत्तोबांच्या दाराशी धावली. प्रफुल्ल जिना चढून धापा टाकत आला. पणतीच्या उजेडात त्यानं पाट बघितला, पाटावरचा टीव्ही बघितला, टीव्हीवरून ओघळणारं उटणं बघितलं, आणि तो मटकन खालीच बसला.

"अहो," सुगंधा कशीबशी म्हणाली, "हे काय केलंत?"

हैबती अंधाऱ्या पडद्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून आडवा उभा होता. काखेत टॉवेल होता.

"हळू बोला," तो म्हणाला, "आन् बायकामाणसांनी जरा मागं सरा. तो कापडं बदलतोय. लाजरा हाय म्हणून तर त्यानं सगळ्या चाळीचं दिवं घालवलं."