धाकूकडचे तेल

कोणत्या राजाचे राज्य होते हे आता कुणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळी समुद्रकाठच्या एका गावात एक लांबलचक पेठ होती. तिथली दुकाने सारखी बदलत. लोकांच्या तोंडची नावे मात्र बदलत नसत. लोहाराचा भाता कधीच थंडावला होता, त्या जागी कासार बसत होता, तरी बायका खुशाल म्हणत, "लोहाराकडे बांगड्या भरायला चाललेय!"

या पेठेत सदोबा नावाच्या तेल्याने जाळी विणणाऱ्या धाकूची झोपडी घेतली. धाकू वारला होता, मागे कुणी नव्हते. सदोबाने झोपडी पाडून तिथे माडीचे घर बांधले, खाली घाणा बसवला आणि दारावर स्वतःच्या नावाची रंगीत पाटी ठोकली. तेल खरोखर चोख होते. गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि जो तो सांगू लागला, "तेल घ्यावं तर धाकूकडचंच!"

सदोबाचा तिळपापड झाला. "घर माझं, घाणा माझा आणि नाव त्या मेलेल्या माणसाचं?" त्याने बजावले, धाकूचे नाव घेईल त्याला तेल मिळणार नाही. लोक मोठे बेरके. दुकानात 'शेट, शेट' करत आणि पायरी उतरताच पुन्हा धाकू म्हणत.

पुढे सदोबाच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि ती अडली. सुईण खाडीपलीकडे राहायची. सदोबाने होडीवाल्याला पिटाळले. "तिला म्हणावं, सदोबा शेटच्या माडीवर ये. धाकूबिकू काही बोलायचं नाही!"

होडीवाला होडी बांधत मागे राहिला आणि सुईण एकटीच धावतपळत पेठेत आली. "सदोबा शेट कुठे राहतात हो?" लोक एकमेकांची तोंडे बघू लागले. हा सदोबा कोण, कुणाला ठाऊक? पाटी होती, पण ती वाचायला कुणाला येत होते? बिचारी त्याच दारावरून पुढे निघून गेली.

माडीवर बायकोने सदोबाचा हात घट्ट धरला होता. तिचा जीव कासावीस झाला होता. खिडकीतून त्याला पाठमोरी सुईण दिसली. "सदोबाकडे! इकडे, सदोबाकडे!" तो ओरडला. कुणी मान वळवली नाही. मग त्याचा सगळा ताठा गळाला आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "अहो, तिला धाकूकडे पाठवा!"

क्षणात सारी पेठ ओरडू लागली. "धाकूकडे, बाई! धाकूकडे!" सुईण मागे फिरली. सदोबाची बायको सुखरूप सुटली आणि मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सदोबाने एका म्हाताऱ्या कोळणीला विचारले, "आजी, धाकूनं असं केलं तरी काय?"

"काय करायचं, बाबा? कुणी भिजून आला की 'तू कोण, कुठला' असं कधी विचारलं नाही त्यानं. आधी शेक द्यायचा, मग गरम पेज."

 पुढच्या वादळात गलबत हाकणारा एक परका तांडेल गारठून सदोबाच्या ओट्यावर आला. सदोबाने त्याला आत घेतले, पेज वाढली. "घर कुणाचं हे?" तांडेलाने विचारले.

"धाकूचं," सदोबा ताठ मानेने म्हणाला. "मी इथं तेल गाळतो."

तात्पर्य: पाटी कुणालाही लावता येते, लोकांच्या तोंडी नाव राहते ते त्यांच्या उपयोगी पडणाऱ्याचे.