वीस पावलांची वाट

“...ते सगळं ठीक आहे भंते, पण तिला एका जागी बसवायचं कसं?”

खोब्रागडे सरांची हे विचारण्याची तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळी भंते रेवत चीवराच्या उसवलेल्या काठाला टाके घालत होते. आताही घालतच होते.

“कोणाला?”

सरांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. अर्धा तास ते दुसरं काय सांगत होते?

“अनोमा उके. आठवीतली. मघापासून तिचंच तर सांगतोय.”

“तिचं नाई सांगितलं तुम्ही. तिच्या बसण्याचं सांगितलं.”

वैनगंगेच्या काठचा हा विहार म्हणजे टिनाचं छप्पर, एक जुना पिंपळ आणि झाडलोट करणाऱ्या सोनाबाईंनी लावलेला वांग्यांचा वाफा. रविवारची सकाळ होती. सर तालुक्याहून स्कूटरवर आले होते, सुट्टीचा दिवस असूनही कडक इस्त्रीच्या सदऱ्यात.

शाळेत ते गणित शिकवत. आठवीच्या शिष्यवृत्तीची जादा तुकडी अकरा वर्षं त्यांच्याकडे होती आणि अकरा वर्षांत त्यांचं एकही मूल नापास झालं नव्हतं. हे ते स्वतः कोणाला सांगत नसत. फक्त कोणाला माहीत नाही असं होऊ देत नसत.

आठ वर्षांपूर्वी याच भंतेंच्या शिबिरात ते ध्यान शिकले. तेव्हापासून रोज पहाटे पाचला तासभर बसत. हेही ते सांगत नसत, पण शाळेच्या शिपायालासुद्धा ती वेळ पाठ होती.

“मुलगी हुशार आहे,” सर म्हणाले. “हुशार म्हणजे अशी, की दहावीचं गणित तोंडी सोडवते. पण वही घरी राहते. कंपासपेटी या वर्षात चौथी. सराव परीक्षेत शेवटची सहा गणितं कोरी, कारण बाईसाहेब समासात षटकोन काढत बसल्या होत्या.”

“मंग?”

“दर पाच मिनिटांनी उठते. खिडकीशी जाते. पेन पडतं, ते घ्यायला वाकते आणि बाकाखाली आणखी काहीतरी सापडतं तिला. इतकी हुशार मुलगी असं करते, म्हणजे मुद्दामच करते ना?”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, मी मुद्दाम नाही करत सर.”

भंतेंनी दोरा तोडला.

“अन् तुम्ही?”

“मी म्हटलं, मग करूच नको.”

पिंपळाखाली बसल्या बसल्या भंतेंनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

सरांनी खिशातली यादी काढून दाखवली आणि परत ठेवली. बावीस नावं, टाइप केलेली. चौदाव्या नावावर पेन्सिलीची रेघ. यादी उद्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर जायची होती. रेघ कायम राहिली, तर अनोमा जादा तुकडीतून ‘क’ वर्गात जाणार होती. तिथे गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि दुपारचा तास मुलं कबड्डी खेळून काढत.

अनोमाचे वडील राइस मिलमध्ये पोती उचलत. शुक्रवारी ते शाळेत आले होते, तेही सरांनी सांगितलं. पोत्यांचा भुसा केसांत तसाच. त्यांनी काही मागितलं नाही. नुसतं म्हणाले, “पोरगी रात्री जेवली नाई सर.” आणि नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवून गेले.

“चिठ्ठीत काय होतं?” भंतेंनी विचारलं.

“तेच. अवधान टिकत नाही. हट्ट नाही म्हणे, मेंदूची ठेवणच तशी. गणितं थोडी थोडी द्या, एका वेळी एकच सूचना द्या, वेळ वाढवून द्या, मधे उठू द्या.” सरांनी हात झटकला. “म्हणजे लाड करा. बाकीच्या एकवीस जणांनी काय पाप केलंय?”

“चिठ्ठी कुठं हाये?”

“ड्रॉवरमध्ये. खडूच्या डब्याखाली.”

भंते हसले नाहीत, हे सरांना जास्त लागलं.

“म्हणून म्हणतो भंते, दहा दिवस तिला तुमच्याकडे पाठवतो. रोज तासभर. तुम्ही मला बसायला शिकवलं, तसं तिला शिकवा. मांडी स्थिर झाली की मन स्थिर होतं. मी स्वतः बघा ना, तास तास हलत नाही.”

“एक तास?”

“एक तास.”

“बढिया. मंग आता पाव तास बसा. ध्यानात बाकी काही नको. त्या पोरीवर लक्ष ठेवा. बस.”

सर खुलले. हा तर हातचा मळ. त्यांनी मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले. नाकावर माशी बसली, तरी हलले नाहीत. गुडघ्यात कळ आली, तरी हलले नाहीत. सोनाबाई झाडता झाडता क्षणभर थांबल्या आणि कौतुकाने बघून गेल्या.

“झालं,” भंते म्हणाले. “काय दिसलं?”

माणूस अहंकारी असेल, पण खोटं बोलणारा नव्हता. गणितवाल्यांचा तेवढा एक गुण मान्य करायला हवा.

“मुख्याध्यापक दिसले,” ते म्हणाले. “निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर लागतो तो फलक दिसला. मग स्कूटर उन्हात लावलीय, ते आठवलं. मग सोनाबाई माझ्याकडे बघतायत का, असं वाटलं.”

“अन् पोरगी?”

“...ती नाही दिसली.”

“पण हलले नाई बा तुम्ही.”

एवढं बोलून भंते उठले, चीवर खांद्यावर घेतलं आणि पिंपळामागे चालायला लागले.

तिथे वीस पावलांची एक मळलेली वाट होती. दोन्ही टोकांना एकेक वीट. भिक्खू अशा वाटेवर जातात-येतात, पावलावर लक्ष ठेवून. चंक्रमण म्हणतात त्याला. बसण्याइतकंच जुनं ध्यान. शिबिरात भंतेंनी तेही शिकवलं होतं, पण सरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, की ते म्हाताऱ्यांसाठी आणि पाय आखडलेल्यांसाठी असतं.

भंते टोकाला गेले. वळले. आले. वळले. परत गेले.

सर बसून राहिले. भंतेंचं आटोपेल, मग विचारू. चौथ्या फेरीला त्यांना राहवेना.

“भंते, जरा बसता का? माझं बोलणं अर्धंच राहिलंय.”

“बोला ना. माझे कान काही पायात नाईत.”

आता लांबून ओरडून बोलणं बरं दिसेना. सर उठले, चपला घातल्या आणि भंतेंच्या बरोबरीने चालायला लागले.

“तिचं सांगा,” भंते म्हणाले. “बसण्याचं सोडून.”

“तिचं काय... डावखुरी आहे. रेल्वेचं अख्खं वेळापत्रक पाठ आहे. एकदा मला म्हणाली, सर, शून्याने भागता येत नाही, हे शून्याला कोणी विचारलंय का?” सर सांगत होते आणि सांगता सांगता विटेच्या पुढे गेले. त्यांचा पाय सरळ वांग्याच्या वाफ्यात पडला. भंते कधीच वळले होते.

“अगं बाई, माझी वांगी!” सोनाबाई म्हणाल्या.

सरांनी चप्पल झटकली, घाईने भंतेंना गाठलं. आता त्यांनी विटेवर नीट लक्ष ठेवायचं ठरवलं. तेवढ्यात भंतेंनी विचारलं, “रेघ कोणत्या दिवशी मारली?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी काय झालं?”

“काही नाही. टाकीचं गणित घेतलं. दोन नळ टाकी भरतात, एक रिकामी करतो. फळ्यावर सोडवून दाखवलं. मुलं उतरवून घेत होती. ही खिडकीत उभी, फळ्याकडे पाठ...”

सर पुन्हा वाफ्यात होते. या वेळी दोन्ही पायांनी.

सोनाबाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

भंते पुढे चालत होते. सर वाफ्यातून निघाले, पण पाऊल टाकायला त्यांना थोडा वेळ लागला. मंगळवारनंतर ते दृश्य आज पहिल्यांदा त्यांना धड दिसत होतं. खिडकीच्या गजांना धरलेले तिचे हात, मागून दिसणारी सैल सुटलेली एक वेणी.

“मंग?” भंते जवळून जाताना म्हणाले.

“तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही,” सर म्हणाले. ते आता सावकाश चालत होते. “तशीच बाहेर बघत म्हणाली, सर, उत्तर चुकलं. रिकामी करणारा नळ तुम्ही मिळवलाय. वजा करायचा होता.”

“चुकलं होतं?”

“...हो.”

दोन फेऱ्या झाल्या. विटेपाशी सर बरोबर वळले, आणि आपण वळलो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“बाकीचे एकवीस काय करून राहिले होते?”

“बसले होते,” सर म्हणाले. “माना खाली घालून. उतरवून घेत होते. सुवाच्य अक्षरात.”

“चुकीचं?”

“चुकीचं.”

“अन् तुम्ही काय म्हटलं पोरीला?”

अकरा वर्षांत वर्गात त्यांनी शेकडो चुका दुरुस्त केल्या होत्या. सगळ्या मुलांच्या.

“मी म्हटलं, आधी जागेवर बस. आणि फळा पुसून टाकला.” ते थांबले. “बसली ती, भंते. तास संपेपर्यंत हलली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मला वाटलं, बघा, ठरवलं तर जमतं हिला.”

“त्या तासात गणितं किती सोडवली तिने?”

“एकही नाही.”

सोनाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि उगाचच वांग्यांना पाणी घालायला घेतलं.

सरांना लाज वाटली. गुडघ्याची कळ सोसता येते, तशी ही सोसता येईना. त्यांनी खिशातून यादी काढली, पिंपळाच्या बुंध्यावर टेकवली आणि अंगठ्याने पेन्सिलीची रेघ पुसायला लागले. रेघ पुरती जाईना, कागद काळवंडला, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं.

“उद्या ते गणित परत फळ्यावर घेतो,” सर म्हणाले. “चूक कोणाची होती, तेही सांगतो. चिठ्ठीही काढतो बाहेर. सहा गणितं एकदम देत होतो, ती दोन दोन देईन. वेळेचं मुख्याध्यापकांशी बोलेन.”

भंते चालत होते.

“वंदामि भंते. येतो.”

“सुखी व्हा.”

सर स्कूटरपर्यंत गेले. किल्ली लावली. आणि जाता जाता गणितवाल्याचा शेवटचा हिशोब आडवा आलाच. ते परत फिरले.

“पण भंते, एक राहिलंच. आमचा वर्ग एवढासा. बावीस मुलं. ती मधेच उठणार, हे आता मला मान्य आहे. पण बाकीची मुलंही तिथेच असणार, त्यांचंही लक्ष मोडता कामा नये. मग तिला बसवू तरी कुठे?”

भंते रेवत विटेपाशी आले होते. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते वळले नाहीत. थांबले.

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग दुसऱ्या टोकाच्या विटेकडे...

“सर,” ते म्हणाले, “तुमच्या वर्गाची मागची भिंत किती पावलांची हाये?”